लॅक्स्टनचा नकाशा मराठीत: कामाच्या नोंदी

२९ सप्टेंबर

नॉटिंगहॅमला लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले. भूमी अभिलेख खात्यात आयुष्य मोजणीत गेलं, त्यामुळे कुठेही गेलो तरी नजर आधी हद्दीवर जाते. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची कुंपणं, प्रत्येक शेत चौकटीत बसवलेलं. काल जावईबापूंनी लॅक्स्टनला नेलं, जेमतेम तासाभराचा रस्ता. गाव ओलांडून शिवाराकडे वळलो आणि ती कुंपणं अचानक संपली. डोळ्यांसमोर एकच मोठं वावर, त्यात लांबच लांब पट्ट्या. एक नांगरलेली, एक उगवलेली, आणि मध्ये बांध नाही. गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरून बराच वेळ बघत राहिलो.

इंग्लंडच्या मध्यभागात एकेकाळी शेकडो गावं अशी होती. गावाची तीन मोठी वावरं, आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही वावरांत विखुरलेल्या. एका वावरात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. दर वर्षी पाळी पुढे सरकते. ही पद्धत चालवण्यासाठी गावाचं स्वतःचं कोर्ट आजही भरतं असं जवळपास एकटं लॅक्स्टनच उरलं आहे.

परतताना ठरवलं. आमच्या इंदापूर तालुक्यातल्या गावच्या शाळेसाठी या गावाचा भिंतीवर लावायचा मोठा नकाशा हाताने काढायचा, सगळी नावं मराठीत. डिसेंबरात परत जाताना सोबत न्यायचा. त्या कामाच्या या नोंदी.

६ ऑक्टोबर

मूळ नकाशा १६३५ चा. काढणारा मार्क पिअर्स. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, लेकीने तिची मोठी छापील प्रत आणून दिली. दोन दिवस भिंग घेऊन बसलोय.

पिअर्सने प्रत्येक पट्टी काढली आहे. सोबत मोजणीची वही लिहिली आहे: कोणती पट्टी कोणाची, कोण कसतो, क्षेत्र किती. म्हणजे आपल्याकडचा नकाशा आणि सातबारा मिळून जे सांगतात, ते सगळं या दोन गोष्टींत आलं. पट्ट्यांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. मोकळ्या जागांत त्याने इवलीशी माणसं काढली आहेत. नांगर धरलेला, कापणी करणारे, गाडी भरणारे, शिकारी आणि त्यांचे कुत्रे. मी मोजणीची हजारो टिपणं, म्हणजे शेताचे कच्चे आराखडे, काढली असतील, पण टिपणावर कधी माणूस काढला नाही. आमच्या कामात त्याला जागाच नव्हती. या नकाशात तो नांगऱ्या मला सगळ्यात आधी दिसला आणि प्रत उचलून ठेवली तरी आठवत राहिला.

नकाशात वावरं चार आहेत: दक्षिण वावर, गिरणीचं वावर, पश्चिम वावर आणि पूर्व वावर. पाळी तर तीनच. आधी कोडं पडलं. मग कळलं, पूर्व आणि पश्चिम ही लहान वावरं मिळून एक धरत. पूर्व वावर पुढे कुंपणात गेलं. आज तीन राहिली आहेत. नकाशावर चारही दाखवणार, कारण नकाशा १६३५ चा आहे.

८ ऑक्टोबर

जाड कागद मिळाला. प्रमाण ठरवलं: मोजणीच्या दहा साखळीला एक इंच.

१३ ऑक्टोबर

तीन दिवसांचं काम वाया गेलं. का गेलं ते नीट लिहून ठेवतो, कारण या चुकीनेच मला या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट दाखवली.

दक्षिण वावराचा एक तुकडा आधी काढून बघायचा होता. अशा पट्ट्यांच्या गठ्ठ्याला इथे फर्लांग म्हणतात, आणि लांबीचं मापही तेच. फर्लांग म्हणजे दहा साखळ्या, बैल न थांबता एका दमात ओढतील तेवढं नांगराचं तास. मी दहा साखळ्यांचा एक इंच धरला, वहीतल्या क्षेत्रावरून रुंदी काढली आणि पट्ट्या आखल्या. सगळ्या आखूड आणि रुंद दिसू लागल्या. पिअर्सच्या नकाशात त्याच पट्ट्या फितीसारख्या लांब. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडलं, तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की इंग्रजी साखळी ६६ फुटांची आणि माझ्या हाताच्या सवयीतली साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची.

६६ फुटी साखळी एडमंड गंटर यांनी १६२० च्या सुमारास रूढ केली. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब म्हणजे एक एकर. बैलांच्या एका दिवसाच्या नांगरटीचा हा अंदाज. मुंबई इलाख्यातल्या मोजणीत हीच साखळी निम्मी करून वापरली. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, तो आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो त्यामुळे. पिअर्सच्या वहीत क्षेत्र एकर, रूड आणि पर्च असं लिहिलं आहे. चार रूडचा एकर, चाळीस पर्चचा रूड. हिशेब केला: एक रूड म्हणजे नेमके दहा गुंठे, चार पर्च म्हणजे नेमका एक गुंठा. काही तोडावं लागत नाही, काही उरत नाही.

इलाख्याची ही नवी मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये सुरू केली ती आमच्या इंदापुरात. पिअर्सनंतर बरोबर दोनशे वर्षांनी. शाळेतली पोरं रोज ‘गुंठा’ म्हणतात, आजा-पणज्यांच्या वाटण्या गुंठ्यात झाल्या. त्या गुंठ्याची बहीण इथल्या वहीत चारशे वर्षं झोपून आहे. आता वहीतलं प्रत्येक क्षेत्र मी एकर-गुंठ्यांत लिहिणार. वर्गातल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागणार नाही.

प्रमाण तेच ठेवलं, इंचाला दहा साखळ्या, पण आपल्या. फर्लांग आता दोन इंचांचा झाला आणि पट्ट्या फितीसारख्या दिसू लागल्या.

१९ ऑक्टोबर

पुन्हा लॅक्स्टन, या वेळी दिवसभर.

गावठाण बघितल्याशिवाय शिवार समजत नाही. इथे शेतकऱ्यांची घरं अजून गावातच आहेत, रस्त्याला लागून. लाल विटांची, लाल कौलांची, कित्येक घरांची कड रस्त्याकडे आणि मागे लांब परडं. ज्या गावांत जमिनी एकत्र करून कुंपणं घातली तिथे शेतकरी गाव सोडून आपापल्या शेतात राहायला गेले. इथे पट्ट्या विखुरलेल्या, म्हणून मध्यभागी राहणंच सोयीचं. आपल्याकडे वस्तीवर राहणारे आणि गावात राहणारे यांच्यात जो फरक पडतो तो इथे शेजारशेजारच्या गावांत दिसतो.

रस्त्याच्या कडेला विटांचा एक कोंडवाडा आहे, पिनफोल्ड म्हणतात. मोकाट जनावर त्यात घालायचं, मालकाने दंड भरून सोडवायचं. त्याच्या रखवालदाराला पिंडर म्हणतात. आमच्या गावचा कोंडवाडा मी लहानपणी वापरात बघितला आहे, नकाशावर हा शब्द लिहिताना विचार करावा लागला नाही.

चर्च सेंट मायकेलचं. आत एव्हरिंगहॅम घराण्यातल्या लोकांच्या मूर्ती आहेत, समाधीवर निजलेल्या. त्यात एक बाई लाकडाची आहे, ओकच्या लाकडात कोरलेली. या अख्ख्या जिल्ह्यात मध्ययुगातली अशी लाकडी मूर्ती दुसरी नाही. चेहरा झिजलाय, हात जोडलेले. बाजूला दगडी सरदार आहेत, पण मी तिच्यापाशीच थांबलो.

उत्तरेला किल्ल्याची टेकडी. मातीचा उंच ढीग, भोवती खंदक, दगड जवळपास नाहीच. नॉर्मन लोकांनी बाराव्या शतकात उभारलेली. शेरवूडच्या राजजंगलाचा कारभार पाहणारे इथे राहत.

त्याच्याही आधीची नोंद आहे. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने जिंकलेल्या मुलखाची करवून घेतलेली मोजदाद, तिच्यात हे गाव लॅक्सिंटून म्हणून येतं. आधीचा धनी टोकी, नंतरचा जेफ्री अल्सेलिन. सहा नांगरांची जमीन, २२ कुळं, ७ छोटे झोपडीवाले, ५ गुलाम आणि एक गुलाम बाई. ४० एकर गवताळ कुरण. जुन्या राजाच्या वेळी किंमत ९ पौंड, आता ६ पौंड. तीन पौंड कमी का झाले ते तिथे लिहिलेलं नाही. महसुलाच्या कागदात असंच असतं, आकडा उतरतो आणि त्यामागचं वर्ष कोणाला कसं गेलं ते कागदाबाहेर राहतं.

त्या गुलाम बाईचं नावही नाही. नकाशाच्या कोपऱ्यात १०८६ चा हा सगळा उतारा देणार आणि तिचा उल्लेख गाळणार नाही.

२७ ऑक्टोबर

आठवडाभर शब्दांवर बसलो. नांगर-बैल आधीच्या पिढीसोबत गेले, पण शब्द अजून आहेत.

पट्ट्या विखुरलेल्या का? एक उत्तर असं की चांगली-वाईट जमीन सगळ्यांना सारखी मिळावी. १९३८ मध्ये ऑर्विन दांपत्याने लॅक्स्टनचाच अभ्यास करून दुसरं उत्तर पुढे आणलं: हे सगळं नांगराच्या कामातून आलं. भारी जमिनीला जड नांगर, जड नांगराला बरेच बैल, आणि तेवढे बैल एका शेतकऱ्याकडे नसत. चार घरं मिळून नांगर जुंपत. दिवसभर नांगरलं ती एकाची पट्टी, दुसऱ्या दिवशीची शेजारच्याची. मला हे पटतं, कारण काळ्या रानात चार-चार बैलजोड्यांचा नांगर चालताना बघितलेल्या माणसांच्या हाताखाली मी वाढलो. एकाची जोडी पुरत नसे. मग सावड करायची, म्हणजे बैल-माणसं आळीपाळीने एकमेकांना द्यायची, नाहीतर इर्जिक घालायची. इर्जिकीला आलेल्याला जेवण द्यायचं आणि त्याच्या रानात आपण जायचं. नकाशाच्या सूचीत याला ‘सावडीची नांगरट’ असंच लिहिलं आहे.

जुन्या नांगरटीने पट्टीचा मध्य उचलला जाई आणि कडेला खोल तास पडे, म्हणून जुन्या गवतरानांत अजून सरी-वरंब्यासारख्या लाटा दिसतात. आपल्या वरंब्याहून कितीतरी रुंद. त्या सरळ नसतात, उलट्या एस अक्षरासारखी बारीक वळणं घेतात. बैलांची लांबच लांब रांग टोकाला वळवायची तर आधीपासूनच अंग वाकवून आणावी लागे, त्या वळणाची ही खूण. माझ्या पट्ट्याही मी सरळ पट्टीने आखत नाही, हाताने काढतोय.

‘साइक’ या शब्दाला अजून अडलो आहे. वावरामधल्या ओलसर, उताराच्या, नांगर न चालणाऱ्या गवताच्या पट्ट्या. तिथे रानफुलं खूप, म्हणून आज त्या संरक्षितही आहेत. गवताचा दर उन्हाळ्यात गावात लिलाव होतो. गायरान म्हणावं तर मुक्त चराई नाही. कुरण म्हणावं तर फार मोठं वाटतं. तूर्त जागा रिकामी.

२ नोव्हेंबर

रात्रीचे अकरा वाजलेत, पण हे आजच लिहायचं.

नकाशा करून घ्यायला पैसे कोणी दिले ते शोधत होतो. गावाचे तेव्हाचे जमीनदार सर विल्यम कोर्टीन, लंडनचे कापडाचे मोठे व्यापारी, मूळ घराणं फ्लेमिश. त्यांच्याविषयी वाचत गेलो तर डिसेंबर १६३५ ची एक नोंद आली. राजा पहिला चार्ल्स याने ईस्ट इंडिया कंपनीला डावलून दुसऱ्या एका मंडळाला पूर्वेकडच्या व्यापाराचा परवाना दिला. त्या मंडळामागे पैसा कोर्टीन यांचा. हेच कोर्टीन, वर्षही नकाशाचंच. १६३६ च्या वसंतात जॉन वेडेलच्या हाताखाली त्यांची गलबतं निघाली आणि त्याच ऑक्टोबरात गोव्याला पोचली. पुढे कोर्टीन मंडळींनी भटकळ, कारवार, राजापूर इथे व्यापार केला.

म्हणजे राजापूरच्या खाडीत ज्यांचा माल उतरला त्यांच्याच गावचा हा नकाशा. आपल्याकडे तेव्हा निजामशाही बुडत होती आणि शिवराय सहा वर्षांचे होते.

सर विल्यम ती गलबतं गोव्याला पोचण्याआधीच १६३६ मध्ये वारले. मुलाने धंदा चालवला, पुढे दिवाळं निघालं. लॅक्स्टन पियरपॉन्ट घराण्याकडे गेलं. नकाशा राहिला.

आज संध्याकाळी नातीला पृथ्वीच्या गोलावर लॅक्स्टन आणि राजापूर दाखवले. तिने दोरा लावून बघितला. नकाशाच्या खालच्या कडेला हा सागरी रस्ता काढावा असं ती म्हणाली, आणि काढणारही तीच आहे.

१० नोव्हेंबर

वावरं टिकली कशी हे कोपऱ्यातल्या मजकुरात यायला हवं, आणि बाकीच्या गावांची का गेली हेही.

१६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या संसदेत जमिनी कुंपणात घेणारी पाच हजारांहून अधिक विधेयकं आली. सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे देशाचा पाचवा हिस्सा, त्यातून गेला. ज्याच्या पट्ट्या दहा ठिकाणी त्याला एका ठिकाणी सलग जमीन, भोवती कुंपण. उत्पन्न वाढलं हे खरं. पण ज्याच्याकडे पट्टीच नव्हती, फक्त गावरानात गाय चारायचा, सरपण गोळा करायचा रिवाज होता, त्याला त्या रिवाजाबद्दल फार कमी मिळालं किंवा काहीच मिळालं नाही. तो मजूर झाला. ही विधेयकं जमीनदारांच्याच संसदेने जमीनदारांच्याच अर्जावर मंजूर केली, हे मला बाजूला ठेवता येत नाही.

मुंबई राज्याने १९४७ मध्ये तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा केला. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं एकत्रीकरणाच्या चुका दुरुस्त करण्यात गेली. नकाशावर दोन तुकडे जोडणं सोपं असतं. जमिनीवर एकाची विहीर दुसऱ्याच्या गटात जाते. त्यामुळे सलग जमीन हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, कोणाच्या सोयीने सलग.

लॅक्स्टनमध्येही काही भाग कुंपणात गेला. पण गावात जमीनदार एकापेक्षा जास्त होते, मॅनव्हर्स आणि स्कारब्रो हे दोन मोठे अर्ल, शिवाय छोटे मालक. सगळ्यांचं एकमत होऊन सगळं शिवार वाटलं गेलं असं कधी घडलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्ट्या जोडून मोठ्या केल्या, आज त्या दोनशेच्या आत आहेत, पण वावरं उघडी राहिली. १९५२ मध्ये शेवटच्या अर्ल मॅनव्हर्सने गाव सरकारच्या शेती मंत्रालयाला विकलं. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं, आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्सांच्याच जुन्या इस्टेटीकडे परतलं. मालक इतके बदलले, तरी कोणीच गावच्या त्या कोर्टाला हात लावला नाही. १९७७ च्या कायद्याने अशा जुन्या गावकोर्टांचे अधिकार काढले, त्यातून लॅक्स्टनचं वगळलं.

१७ नोव्हेंबर

रंग भरायला घेतले. गव्हाला पिवळा, वसंतातल्या पिकाला हिरवा, पडीला काहीच नाही, कागदाचाच रंग. थंडीने बोटं आखडतात, रोज दोन तासांपेक्षा जास्त होत नाही.

१ डिसेंबर

लॅक्स्टन, तिसरी आणि या खेपेची शेवटची फेरी.

नोव्हेंबरच्या शेवटी ज्युरीचा दिवस असतो. कोर्टाने नेमलेले बारा शेतकरी आणि त्यांचा म्होरक्या त्या वर्षी गहू पेरलेल्या वावरात जातात. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत बसून निघतात, मग पायी. प्रत्येक पट्टीची हद्द बघायची, खुणेची खुंटी हलली असेल तर नवी ठोकायची. कोणी नांगर रस्त्यात घातला, साइकमध्ये तास मारलं, शेजाऱ्याच्या पट्टीत सरकला, तर त्याचं नाव लिहायचं. मग सगळे डव्हकोट इन या गावच्या खानावळीत जेवतात आणि दंड ठरवतात. पुढच्या आठवड्यात तिथेच कोर्ट भरतं, ज्युरीचा कागद वाचला जातो, पुढच्या वर्षीची ज्युरी नेमली जाते. ज्यांनी हजर राहायला हवं ते आले नाहीत तर त्यांनाही नाममात्र दंड.

आम्ही गेलो तेव्हा वावरात कोणी नव्हतं. पायवाटेच्या कडेला नव्या खुंट्या दिसल्या, लाकूड अजून ताजं, डोक्यावर घणाचे घाव. बाजूला गहू दोन बोटं वर आला होता. एका खुंटीपाशी बसलो आणि दोन्ही बाजूंची तासं बघितली. मध्ये बांध नाही, गवताची काडीसुद्धा नाही. एक तास इकडचं, एक तिकडचं.

आमच्याकडे बांध कोरला म्हणून झालेल्या किती मोजण्या मी केल्या याचा हिशेब नाही. दर पेरणीला एक वीत सरकायचं, दहा वर्षांत बांध शेजाऱ्याच्या रानात. मग अर्ज, मोजणीची तारीख, पोलीस बंदोबस्त. सख्खे भाऊ माझ्यासमोर एकमेकांच्या अंगावर गेलेले बघितले आहेत. मी खुणा दाखवून निघून यायचो, पुढच्या पावसाळ्यात दगड उपटलेला. दगड कायद्याने रोवलेला होता, पण त्याच्याकडे वर्षातून एकदा बघायला गाव येत नव्हतं. इथली खुंटी लाकडाची आहे, हाताने उपटेल इतकी. ती टिकते कारण बारा शेजारी दर वर्षी तिच्यापाशी उभे राहतात आणि पुढच्या वर्षी त्या बारांत आपणही असू शकतो हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

जावईबापूंनी विचारलं, “बाबा, खुंटीचा फोटो काढू का?” काढून घेतला. नकाशात ज्युरीची माणसं काढायची ठरवली, पिअर्सच्या नांगऱ्याएवढीच.

८ डिसेंबर

नकाशा पुरा झाला. ज्युरीची तेरा माणसं गिरणीच्या वावराच्या कडेला काढली. नांगऱ्या पिअर्सचा, जसा आहे तसाच उतरवला. खालच्या कडेला नातीचा सागरी रस्ता: लंडन, गोवा, भटकळ, कारवार, राजापूर. तिने गलबतांना आपल्या मनाने लाल शिडं दिली आहेत.

साइकचा शब्द काल रात्री सुटला. लेकीने घरी आईला फोन लावला होता, मी सहज विचारलं की ओढ्याकाठच्या त्या गवताच्या पट्टीला तुमच्या माहेरी काय म्हणायचे. ती म्हणाली, “काय म्हणायचे म्हणजे? गवताची पट्टी. तिचा लिलाव व्हायचा गुढीपाडव्याला.” मी तेच लिहिलं: गवताची पट्टी, लिलावाची.

जुन्या नकाशांवर असते तशी उजव्या कोपऱ्यात खाली नोंद केली. मौजे लॅक्स्टन, नॉटिंगहॅमशर. मूळ मोजणी मार्क पिअर्स, सन १६३५. प्रमाण एक इंचास दहा साखळी. साखळी ३३ फूट.

उद्या गुंडाळून नळीत भरायचा. दोन्ही टोकांना कापूस घालून.